नसरूच्या मागासाठी दोन कॅमेरे

सरोजिनी नगर, नवी दिल्ली
१८ नोव्हेंबर २०२४

भाऊसाहेब,

पायांना हात लावला असं समजा. सतबीरच्या टेम्पोतून तेवढं पाठवता येत नाही. बाकी दोन खोकी त्याच्याबरोबर पाठवतो आहे. दर आठवड्याला तुमच्या पानिपताहून ब्लँकेटं घेऊन तो इकडे येतो आणि रिकामा परत जातो, त्यामुळे आपलं टपाल आता तोच.

तुमचं पत्र दुकानात दोनदा वाचलं. ‘मेनू कमी आणि बटणं जास्त असलेला एखादा जुना डिजिटल कॅमेरा दे’, अशी ऑर्डर मला आजवर एकाही गिऱ्हाइकाने दिलेली नाही. पोरं येतात ती विचारतात, ‘भैया, रील बनेगी ना?’ तुमचं काम वेगळं आहे, समजलं. नसरू उस्तादाची शेड मालकाने गोदामाला द्यायची ठरवली आहे, सव्वीस जानेवारीनंतर त्याचा खड्डामाग उखडणार. त्याआधी त्या मागावर खेस विणताना त्याचे फोटो तुम्हाला स्वतःच्या हाताने काढायचे आहेत. मोठे, भिंतीवर लावण्याजोगे, सुताचा पीळ दिसेल असे. फोनवरचे नकोत, कारण फोन सुताला इस्त्री करून टाकतो. हे तुमचं वाक्य मी दुकानात लिहून लावणार आहे.

तर एक नाही, दोन पाठवतोय. वापरा, आवडेल तो ठेवा. दामाचं नाव काढलंत तर दोन्ही परत.

पहिला कॅनन ४०डी. मॅग्नेशियमचं अंग, हातात घेतला की काहीतरी घेतल्यासारखं वाटतं. दहा मेगापिक्सेल. लोक हसतात, पण तुमच्या भिंतीला पुरतील. याला पन्नासची लेन्स लावली आहे, अंधाऱ्या शेडमध्ये उजेड ओढून घेते. शटरचा आवाज ठसठशीत, सुताराने पटाशीवर एकच ठोका द्यावा तसा.

दुसरा निकॉन डी९०. अंगाने हलका, कमी उजेडात दाणे कमी पाडतो, पाठीवरचा पडदा फार सुरेख. लेन्समध्ये हात सावरायची सोय आहे, तुम्हाला तिचा काय उपयोग म्हणा. हा व्हिडिओही काढतो, त्याकडे दुर्लक्ष करा. शटरचा आवाज दबका, सभ्य. सचिवालयातल्या जुन्या हेडक्लार्कने फाइल मिटावी तसा. दोघांची शटरं मी डोळे मिटून ऐकली आहेत. ठणठणीत आहेत.

ट्रायपॉड पाठवू का? शेडमध्ये थंडीच्या दिवसांत उजेड असा कितीसा येणार?

आणि एक विचारू? मी चार वेळा फोन केला. चारही वेळा वहिनी म्हणाल्या, ‘हे आंघोळीला गेलेत.’ भाऊसाहेब, पानिपतला पाणी इतकं मुबलक कधीपासून आलं?

तुमचा,
पद्माकर

---

पानिपत
२७ नोव्हेंबर २०२४

चि. पद्माकर,

अक्षर पाहून दचकू नकोस. चष्म्याचा नंबर बदलला आहे म्हणून लेखनिक ठेवली आहे. पगार म्हणजे सकाळचा चहा मी करतो. (परवापासून केलेला नाही. — चंद्रप्रभा)

दोन्ही खोकी मिळाली. सतबीरने ती मांडीवर घेऊन आणल्याचा दावा केला. ‘ताऊ, शीशे का सामान था, बच्चे की तरह लाया हूँ.’ मग गाडी कोण चालवत होतं, ते मी विचारलं नाही.

तुझी दोन्ही वर्णनं आवडली. आमचा पद्माकर कोपर्निकस मार्गावरच्या सदनाच्या खानावळीत कपबश्या विसळत होता, तेव्हाही बशीच्या आवाजावरून तडा ओळखायचा, हे मी इथे सगळ्यांना सांगतो. तेवढ्यावरच तर मी तुला उचलला. रविवारच्या जेवणाला आलो होतो आणि एक पोरगा बशी कानाशी धरून उभा. म्हटलं, याच्या हाती यंत्र दिलं पाहिजे. (यांनी तेव्हा घरी येऊन सांगितलं होतं, ‘एक वेडा सापडला.’ — चं.)

ट्रायपॉड नको. तिपाई चहा ठेवायला असते, हे तुला मी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आठ आण्याचं नाणं कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवायचं, श्वास अर्धा सोडायचा, एक-अष्टमांश सेकंदाला शटर दाबायचं आणि नाणं पडता कामा नये. तू किती नाणी पाडलीस! शिवाय नसरूच्या शेडमध्ये तिपाई मावणार नाही. तो खड्ड्यात पाय सोडून बसतो, पुढे माग, मागे भिंत, आणि उरलेल्या जागेत त्याची बकरी.

खेस तुला आठवत असेल. दुपदरी जाड सुती पांघरूण, एका बाजूला जिथे निळी चौकट तिथे दुसऱ्या बाजूला पांढरी. सोलापूरच्या चादरीवर वाढलेला मी, इथे बदली होऊन आलो तेव्हा नसरूने पहिला खेस उलटून दाखवला आणि मी निवृत्तीनंतर परत जायचं विसरलो. हातमाग खात्यासाठी मी देशभरचे माग टिपले. नसरूचा तेवढा राहिला. घराजवळचा होता ना, कधीही जाऊ म्हणत राहिलो.

सध्या कॅनन बरा वाटतो. त्याचं वजन हाताला धरून ठेवतं. उद्या शेडमध्ये जाऊन पहिले फोटो काढतो, कार्ड सतबीरबरोबर येईल. प्रिंट तू काढ आणि खरं सांग.

आंघोळीबद्दल: म्हातारपणी माणूस स्वच्छ राहावा.

भाऊसाहेब

---

नवी दिल्ली
९ डिसेंबर २०२४

भाऊसाहेब,

खरं सांग म्हणालात, म्हणून सांगतो. फोटो हललेत.

सगळे नाहीत. बकरीचा एक झकास आहे, ती भिंतीला टेकून उभी आहे आणि तुम्हीही टेकला असाल. पण नसरूचे हात, धोटा, फणी, जे हवं ते सगळं दुहेरी. निळ्या सुताला शेजारी आपलीच सावली पडल्यासारखी. फोकस चुकला असता तर लोण्यासारखं मऊ झालं असतं. हे तसं नाही. हा धक्का आहे.

मी प्रिंट टेबलावर पसरले तेव्हा दुकानात एक लग्नाचा फोटोग्राफर बसला होता. तो म्हणाला, ‘अंकल के हाथ काँपते होंगे.’ त्याचा चहा अर्धा असतानाच मी त्याला हाकललं. या माणसाने एके काळी पंजाब मेलच्या चालत्या डब्यातून सिग्नलवाल्याच्या शर्टाची बटणं मोजण्याजोगी टिपली आहेत, हे त्याला कुठून माहीत असणार?

माझा अंदाज असा. शटर उघडायच्या आधी आतला आरसा वर उडतो. कॅननचा आरसा जोरात उडतो, म्हणून तर ठोक्याचा आवाज. तोच वर आपटून बॉडीला हादरा देत असणार. जुनं यंत्र, आतली गादी झिजली असेल. चूक कंपनीची नाही, वयाची. तुम्ही कॅनन परत पाठवा, मी उघडून बघतो. तोवर निकॉन वापरा, त्याचा आरसा हळू वर जातो.

वेळ भरपूर आहे. सव्वीस जानेवारी अजून लांब आहे.

वहिनींना विचारा, लेखनिकाची पगारवाढ झाली का?

पद्माकर

---

पानिपत
१७ डिसेंबर २०२४

चि. पद्माकर,

तू म्हणतोस तेच खरं असावं. आरसाच. मलाही दाबताना आत काहीतरी उसळल्यासारखं वाटलं होतं.

कॅनन पाठवला आहे. निकॉनचं कार्डही सोबत. यातले फोटो जरा बरे असावेत, पडद्यावर तरी बरे दिसले. पडदा लहान असतो म्हणून माणसाला बरं वाटतं, हे तुझं जुनं वाक्य आहे.

धुकं पडायला लागलं. शेडला एकच झरोका आहे, त्यातून अकरानंतर तासभर उजेड येतो. नसरू म्हणतो, ‘साहब, आप बोलो तो धीरे बुनूँ?’ मी म्हटलं, तुझ्या लयीत विण. तो धोटा फेकतो तेव्हा पाय, हात आणि मान अशी तिन्ही एकदम चालतात. मी कॅमेरा विसरून बघतच राहिलो. त्याच्या मुलाला हे शिकायचं नाही. बरोबरच आहे, पॉवरलूमवर बटण दाबून त्याहून जास्त मिळतात. नसरूला मालकाने विचारलं, माग मोडल्यावर लाकूड नेणार का? तो म्हणाला, ‘लकड़ी का क्या करूँगा, चूल्हा गैस का है.’ हसला. मी त्या हसण्याचा फोटो काढला. तोही बघ.

तुमच्या इथल्या मराठी मंडळींत कोणी मला विचारलं तर सांग, भाऊसाहेब अजून पानिपतला आहेत आणि यंदा तरी जिंकून येतील. (हा विनोद यांनी इथे आल्यापासून दरवर्षी केला आहे. — चं.)

भाऊसाहेब

---

नवी दिल्ली
२४ डिसेंबर २०२४

भाऊसाहेब,

आता मी चक्रावलो आहे.

निकॉनचेही हललेत. कमी हललेत, पण तोच धक्का, त्याच दिशेने, वरून खाली. नसरूच्या हसण्याचा फोटो बघून मला रडू यायचं राहिलं. दात आहेत, मिश्या आहेत, डोळे आहेत, आणि प्रत्येकाची दोन दोन.

कॅनन मी उघडला. आरशाची गादी काढून नवीन लावली, खरं तर जुनीही चांगली होती. स्क्रू आवळले, तेही सैल नव्हते. मग दुकानाचं शटर ओढलं, पंखा-रेडिओ बंद केला आणि कॅमेरा कानाला लावून पन्नासेक वेळा वाजवला. माझा कान म्हणतो, यंत्रात काही नाही. भाऊसाहेब, या कानावर मी पोट भरलंय. अनेकदा इंजिनियर माणसं मीटर लावून बसलेली असताना मी लांबून सांगितलंय, शटरची दुसरी पट्टी अडकते आहे. पण तुमचे फोटो समोर आहेत. म्हणजे कानच आता उतरायला लागले म्हणायचे. वय झालं.

कारण दुसरं काय असणार? तुमचा हात हलला असं म्हणण्यापेक्षा मी कुतुबमिनार हलला म्हणेन.

निकॉनही पाठवून द्या. दोन्ही एकाच टेबलावर समोरासमोर ठेवतो, एकच लेन्स अडॅप्टर लावून आलटून पालटून लावतो, भिंतीवर तुमचाच खेस टांगतो आणि एकदा तुलना करून मोकळा होतो. कुठला दोषी आहे ते शोधल्याशिवाय तुमच्या हाती पुन्हा देणार नाही. नाव तुमचं खराब होतंय आणि चूक माझ्या मालाची, हे मला झोपू देत नाही.

तुमचा,
पद्माकर

---

पानिपत
३१ डिसेंबर २०२४

चि. पद्माकर,

निकॉन पाठवतो आहे. घाई करू नकोस. नीट बघ. दोन्हींत खोट निघाली तर तसं सांग, मी वाईट वाटून घेणार नाही.

नव्या वर्षाचे आशीर्वाद.

भाऊसाहेब

(पद्माकर, हे माझं. घाई कर. किंवा असं कर, यंत्रं राहू देत, तूच एकदा ये. रविवारी सकाळची गाडी पकडलीस तर जेवायला पोचशील. कारण विचारू नकोस, सहज आलो म्हण. — चं. वहिनी)

---

नवी दिल्ली
९ जानेवारी २०२५

भाऊसाहेब आणि वहिनी,

उशीर झाला, माफी. लग्नं सुरू झालीत. दिल्लीत जानेवारीत फोटोग्राफर कॅमेरे फोडतात आणि मग माझ्या दाराशी येऊन रडतात, ‘भाईसाब, आज शाम की बारात है.’

तुलनेचा निकाल देतो. तुमचा निळा-पांढरा खेस, जो वहिनींनी मला गृहप्रवेशाला दिला होता, तो दुकानाच्या भिंतीवर टांगला. दोन्ही कॅमेऱ्यांनी सारख्याच उजेडात, सारख्याच शटरला, हातात धरून टिपला. माझ्या हातात, म्हणजे नाणी पाडणाऱ्या. पीळ दिसतो. दोन्हींत. कॅनन निळ्याला थोडा ऊबदार करतो, निकॉन जसा आहे तसा ठेवतो आणि अंधारात एक पायरी पुढे जातो. बस्स, एवढाच फरक. दोष कुठल्यातच सापडत नाही.

पण मी मान्य करत नाही. माझ्याकडे चांगला वागतो आणि तुमच्याकडे बिघडतो, असा कॅमेरा असतो. थंडीने असेल. शेडमध्ये ओल आहे, तिथे आतलं तेल घट्ट होत असेल. म्हणून दोन्हींची साफसफाई करून, तेल बदलून ठेवतो आहे.

वहिनी, तुमची आज्ञा पाळतो. येत्या रविवारी एक मोठं लग्नाचं काम अडकलंय, त्यामुळे त्याच्या पुढच्या, एकोणीस तारखेच्या रविवारी दोन्ही कॅमेरे घेऊन स्वतःच येतो. आठवडा हातात उरतो, पुरे झाला. भाऊसाहेब फोटो काढतील, मी बकरी धरीन. मटार उसळ करा. आणि तोवर भाऊसाहेबांची आंघोळ आटपून ठेवा.

पद्माकर

---

पानिपत
१४ जानेवारी २०२५

चि. पद्माकर,

आज संक्रांत. तिळगूळ सतबीरबरोबर आहे. हे पत्र यांनी सांगितलेलं नाही. हे झोपले आहेत आणि मी स्वयंपाकघरात ओट्यावर कागद ठेवून लिहिते आहे.

नसरूचा माग शनिवारी काढला. गोदामवाल्याला फरशी लवकर हवी होती, मालकाने नसरूला आदल्या संध्याकाळी सांगितलं. नसरू सकाळी सायकलवरून आमच्याकडे आला. ‘साहब, कैमरा लेकर चलो, आज खोल रहे हैं, मैंने दो घंटे माँगे हैं. दो घंटे बुनूँगा.’ हे खुर्चीतून उठले आणि कॅमेरा ठेवायच्या कपाटापर्यंत गेले. मग तिथेच उभे राहिले. दोन्ही तुझ्याकडे होते.

तरी गेलो. नसरूने दोन तास विणलं. उजेडही त्या दिवशी चांगला होता, धुकं उठलं होतं. मी माझा फोन काढला तर हे म्हणाले, ‘नको. बघू दे.’ त्यांचा सूर असा होता की मी फोन पर्समध्ये टाकला. आता वाटतं, टाकायला नको होता.

आता ऐक. कॅमेरे चांगले आहेत. पहिल्या दिवसापासून चांगले आहेत.

यांना कंपवात आहे. डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये सांगितलं, पण मला त्याच्या आधीच्या हिवाळ्यातच कळायला हवं होतं. पेपर वाचताना पानं फडफडायची. मी म्हणायचे, पंखा बंद करा. पंखा बंदच असायचा. आता काहीही धरलं की हात वर-खाली होतो. सही बँकेत चालत नाही. म्हणून पत्रं माझ्या अक्षरात. चष्म्याचा नंबर जुनाच आहे.

आणि फोन. आवाज खाली गेला आहे रे. भांडायचं तर मलाच जवळ जावं लागतं. पहिल्या वेळी तुझा फोन वाजला तेव्हा हे हाताने ‘नाही नाही’ करायला लागले. ठेवल्यावर म्हणाले, ‘त्याच्याशी एक वाक्य बोललो तरी त्याला कळेल. बशीतला तडा ऐकणारा माणूस आहे तो.’ म्हणून आंघोळ.

मी म्हटलं, कळू दे की! तर म्हणाले, ‘कळलं तर तो दुकान टाकून येईल आणि स्वतः फोटो काढेल. चांगलेही काढेल. मला माझे काढायचेत.’ एवढंच त्यांना हवं होतं. औषध लागू पडेल, डिसेंबरपर्यंत हात थांबेल, अशी त्यांना आशा होती. हललेल्या फोटोंचं पत्र तू पाठवशील, त्यात विचारशील, ‘भाऊसाहेब, तब्येत बरी ना?’ मग सांगून टाकू, असंही एकदा म्हणाले होते. पण तू आरसा म्हणालास. यांनी तो आरसा धरून ठेवला.

तुझं कुतुबमिनारचं वाक्य मी यांना वाचून दाखवलं. यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. म्हणाले, ‘आता याला कसं सांगू?’ त्याच दिवशी मी निकॉन बांधला.

तुला दोष देत नाही. मी तरी काय केलं? कंसात दोन ओळी लिहिल्या. नीट लिहिलं असतं तर तू त्या रविवारी आला असतास, हे मला माहीत आहे. इतकी वर्षं यांच्या शब्दांत कंस घालत आले, एकदा कंसाबाहेर लिहायला धजले नाही.

एकोणीसला ये. मी तुला लिहिणार असल्याचं यांना सांगितलं आहे. ओरडतील वाटलं होतं. म्हणाले, ‘लिही. आता त्याला मटार सोलायला बसव.’

वहिनी

---

नवी दिल्ली
२१ जानेवारी २०२५

वहिनी,

रविवारी दारात तुम्ही विचारलंत, ‘मिळाला का फोटो?’ आणि आम्ही दोघंही एकदम म्हणालो, ‘चहा कुठाय?’ तेव्हा सांगता आलं नाही. भाऊसाहेब समोर होते. आता लिहितो. हे पत्र त्यांना वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

आधी एक. दोन्ही कॅमेरे उत्तम आहेत. वाईट तेच आहे. एखाद्यात खोट असती तर मी त्याला शिव्या घालून मोकळा झालो असतो. माझ्या कानाने मला खरं सांगितलं होतं, मी पहिल्यांदाच त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. तो लग्नाचा फोटोग्राफर एका नजरेत बोलला, कारण त्याला भाऊसाहेब माहीत नव्हते. मला माहीत होते, हीच अडचण झाली. माणसाला इतकं थोर मानू नये की त्याला आजारी पडायला जागा उरत नाही.

आम्ही शेडकडे चालत गेलो. वाटेत भाऊसाहेब बोलत होते आणि मला दोनदा ‘अं?’ करावं लागलं. वहिनी, मी कुणालाही ‘अं?’ म्हणत नाही. मग मी त्यांच्या बाजूला सरकून चालायला लागलो. त्यांनी हात माझ्या कोपरात अडकवला. त्या हाताचं चालणं मला कोटातून कळत होतं. मी म्हटलं, ‘भाऊसाहेब, मला आधी का नाही सांगितलंत?’ म्हणाले, ‘तुला ऐकू आलं नाही तर कुणाला येणार, म्हणून.’ मग हसून म्हणाले, ‘आणि तू तर आरशाच्या गाद्या बदलत सुटलास, गाढवा. चांगल्या गाद्या होत्या.’

शेड ओळखू आली नाही. खड्डा मलब्याने भरलाय, वर सिमेंट. ओलं असताना कुत्रं चालून गेलंय, पावलं तशीच राहिलीत. मागाची लाकडं नाहीत. झरोका मात्र आहे, आणि आम्ही गेलो तेव्हा त्यातून उजेड आत आला होता. सुंदर उजेड, वहिनी. फरशीवर पडून वाया जात होता.

नसरू तिथेच आहे. मालकाने त्याला चौकीदार ठेवलंय. दाराशी प्लॅस्टिकची खुर्ची, अंगात खाकी स्वेटर, हातात दंडुका. भाऊसाहेबांना बघून उठला. ‘आओ साहब, चाय मँगाऊँ?’ जणू त्याच्याच घरी आलो. मी विचारलं, ‘बकरी?’ म्हणाला, ‘बेच दी. गोदाम में बकरी नहीं चलेगी, माल खा जाएगी.’

मी निकॉन भाऊसाहेबांपुढे धरला. ट्रायपॉडही नेला होता, तुम्ही पिशवीत बघितलाच असेल. तिपाईचा विनोद करतील म्हणून तयार होतो. केला नाही. थोडा वेळ कॅमेरा दोन्ही हातांत धरून बसले, मग माझ्याकडे दिला. ‘तू काढ.’ मी ऐकू न आल्याचं दाखवलं. ते पुन्हा म्हणाले, ‘तू काढ, पद्माकर. हातांचा काढ त्याच्या.’

मी नसरूला म्हटलं, उस्ताद, तिथे बसा, जिथे माग होता तिथे. तो उठून आत गेला, फरशीकडे बघितलं आणि उभाच राहिला. म्हणाला, ‘यहाँ? यहाँ बैठ के क्या करूँ साहब?’ उद्धटपणे नाही. खरंच विचारत होता. मग त्यालाच आमची दया आली असावी. टोपी सरळ केली, दंडुका बाजूला घेतला, छाती काढली आणि कवायतीतल्यासारखा ताठ उभा राहिला. ‘लो, खींच लो.’

भाऊसाहेब म्हणाले, ‘नको.’ हळू म्हणाले. त्यांचं आता सगळंच हळू. मला ऐकू आलं, या वेळी नीट ऐकू आलं, पण बोट तोवर दाबलं गेलं होतं.

परतताना भाऊसाहेब फक्त एवढंच म्हणाले, ‘शनिवारी त्याने दोन तास विणलं. मी सगळं बघितलं. तुला सांगेन कधीतरी.’ सांगायला लागले तर तुम्ही लिहून घ्या. मला सांगू देत, तुम्हाला सांगू देत, सतबीरला सांगू देत.

तो फोटो मी आज दुकानात मोठा करून बघितला. मी आयुष्यात इतका स्पष्ट फोटो काढलेला नाही. नसरूच्या नखांतली नीळ अजून दिसते. स्वेटरचा टाका टाका दिसतो, यंत्रावरचा, ॲक्रिलिकचा. मागे कोरं सिमेंट. एक चौकीदार उभा आहे आणि त्याला आपण कशासाठी उभे आहोत हे ठाऊक नाही.

तो पाठवत नाही. भाऊसाहेबांनी विचारलं तर सांगा, हलला. पद्माकरचा हात हलला म्हणा. विश्वास ठेवतील. माझ्या हाताबद्दल त्यांना कधीच फारशी खात्री नव्हती.

पद्माकर